मिटव

वैजयंतीचं पातळ हरवल्याचं दिगंबर मुरदंडेला कळलं तो मागांच्या सुट्टीचा दिवस होता. पूर्वी इचलकरंजीत सुट्टी कानाला कळायची. गावभरची खटखट थांबली की माणसं आपोआप हळू बोलायची. आताच्या मागांना आवाजच नाही, त्यामुळे सुट्टी ओळखायची ती कट्ट्यावर बसलेल्या माणसांवरून.

दिगंबर कट्ट्यावर गेला नव्हता. परसातल्या शेडमध्ये त्याचा एकुलता एक जुना, नक्षी विणणारा डॉबीचा माग होता. त्यावर त्याने वांगी रंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून ठेवला होता. म्हाताऱ्या डोळ्यांनी एकेक धागा ओवायचा म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. पण ते झालं होतं. आता कुठल्या आडव्या धाग्याला कुठले उभे धागे उचलायचे, तेवढं डिझाइन हवं होतं. ते त्याच्या बायकोने, वैजयंतीने, करून ठेवलं होतं, शेवटच्या आजारपणात, उशीला टेकून. ते घ्यायचं आणि विणायला बसायचं.

तो माजघरात आला आणि भिंतीवरच्या पाटीला म्हणाला, "वैजयंतीचं शेवटचं पातळ काढ."

"इथे ते नाही," पाटी म्हणाली.

"नाही कसं? केतकीनं सगळं आणून ठेवलंय."

"आणलं होतं. वाचलं गेलं. नंतर मिटवलं गेलं."

"मग उघड की."

"मिटवलेलं उघडता येत नाही."

दिगंबरला हसूच आलं. "अगं, मिटवलेलंच उघडत्यात. उघडं असलेलं कोण कशाला उघडंल?"

पाटीने पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच नम्रपणे. त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने वैजयंतीच्या सगळ्या डिझाइनांची जागा उघडून दाखवली. तिथे काहीच नव्हतं. तेव्हा मात्र दिगंबर खाली बसला.

बाकीची डिझाइनं गेली त्याचं त्याला तेवढं वाटलं नाही. ती केव्हाच कापड होऊन गेली होती. गावातल्या कपाटांत, सातारा-सांगलीच्या लग्नांत कुठे कुठे ती असतीलच. हे शेवटचं मात्र कधी कापड झालंच नव्हतं. ते होतं ते फक्त फाइलीत होतं.

त्याने केतकीला पुण्याला फोन लावला. "पोरी, तुझ्या आईचं पातळ गेलं," एवढंच म्हणाला.

"गेलं कुठे? असेल तिथेच," ती म्हणाली. "आईचं सगळं पाटीत उतरवलं त्या केंद्रातल्या लोकांनी काही तरी घोळ घातला असेल. मी बघते, आप्पा. तुम्ही काही दाबू नका."

"मी काय दाबणार," दिगंबर म्हणाला.

*

दिगंबर जॉबर होता. माग बसवायचे, लावायचे, अडले की सोडवायचे, हे त्याचं काम. माग दुसऱ्यांचे, हात याचे. लग्न होऊन वैजयंती निपाणीहून आली ती बी.एस्सी. होऊन आली, आणि वर्षाच्या आत तिने एका सूतवाल्याच्या दुकानावरची माडी भाड्याने घेऊन कॉम्प्युटरचा क्लास काढला. गावाने नावं ठेवली. दिगंबरने माडीच्या जिन्याला कठडा बसवून दिला.

क्लासला मुली यायच्या त्या मागांच्या कांड्या भरून यायच्या. बोटांना सूत चिकटलेलं असायचं. हुशार होत्या, पण इंग्रजीत आदेश लिहायची वेळ आली की हात मागे घ्यायच्या. वैजयंतीने दोन-तीन महिने ते पाहिलं आणि मग एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "अहो, मी दुभाषी करणार आहे."

"कुणाला?"

"कुणाला नाही हो, काय ते. यंत्राला मराठी कळत नाही, मुलींना इंग्रजी येत नाही. मधे एक बसवायचा. मुलीनं मराठीत एक ओळ लिहायची, त्यानं वाचायची, यंत्राकडून तेवढं करून घ्यायचं, मग पुढची ओळ."

"म्हणजे मुकादम," दिगंबर म्हणाला.

"मुकादम शिव्या देतो. हा देणार नाही."

त्या दुभाष्याचं नाव तिने धोटा ठेवलं. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. ती म्हणायची, माहितीचंही तसंच आहे. यंत्रातून फाइलीत जायचं, फाइलीतून यंत्रात यायचं. त्यासाठी तिने चारच शब्द ठेवले: उघड, वाच, लिही, मिटव.

मुलींना ते एका दिवसात आलं. खरी कटकट पुढे झाली. क्लासमधली मशीनं जुन्या बाजारातून आणलेली, एकाची जात दुसऱ्याला नाही. या मशीनवर केलेली फाइल त्या मशीनवर नेली की ओळींचा गोपाळकाला व्हायचा. कुणी ओळ संपली हे सांगायला एक खूण ठेवतं, कुणी दुसरी, कुणी दोन्ही. एका मशीनला तर फाइलीच्या मधेच एक ठरावीक खूण दिसली की ते समजायचं, झालं, संपलं, आणि पुढचं वाचायचंच नाही. वैजयंती डोकं धरून बसली होती. दिगंबरने विचारलं तेव्हा तिने त्याला समजेल असं सांगितलं.

तो म्हणाला, "आमच्यात हेच हाय की. धोटा किनारीला जाऊन वळतो. प्रत्येक मागाचं वळण न्यारं. पण कापडाला त्याचं काय? किनार नीट आली म्हणजे झालं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून गेली आणि जेवण तसंच ठेवून लिहीत बसली. तिने असं केलं की धोट्याचा सगळा कारभार एकाच जागेतून जाईल. त्या जागेला ती वेस म्हणायची. आत गावात सगळं सारखं. बाहेर मशीन कुठलंही असो, त्याचं वळण वेशीवरच सरळ करून घ्यायचं. नवं मशीन आलं की बाकी धोट्याला हात लावायचा नाही. वेशीवरचे ते चार शब्द तेवढे त्या मशीनच्या भाषेत पुन्हा लिहायचे.

आणि वेशीवर एक ओंजळ. फाइल म्हणजे विहीर, दर घोटाला विहिरीवर कोण जाणार? म्हणून धोटा एका वेळी ओंजळभर आणायचा आणि त्यातून एकेक ओळ द्यायचा. लिहिताना उलट. ओळी ओंजळीत साठायच्या, भरली की फाइलीत ओतायच्या. 'मिटव' म्हटलं की उरलंसुरलं ओतून फाइल बंद व्हायची.

हे 'मिटव' मुली विसरायच्या, आणि इचलकरंजीत तेव्हा वीज केव्हाही जायची. माग थांबायचे, पंखे थांबायचे, सगळ्या गावावर एकदम शांतता पडायची, आणि त्या शांततेत माडीवरून एखाद्या मुलीचं ओरडणं यायचं, "मॅडम, माझी गेली!" मिटवलेली नसायची ना. ओंजळीतलं ओंजळीतच सांडायचं. मग वैजयंती खिडकीतून खाली बघत म्हणायची, "काम झालं की मिटवावी. मिटवल्याशिवाय उठू नये." दिगंबर खाली चहाच्या गाड्यावर असला तर त्यालाही ऐकू यायचं. पुढे पुढे गाड्यावरची माणसं ग्लास ठेवताना तेच म्हणायला लागली.

धोट्यावर त्या मुलींनी डॉबीची डिझाइनं केली. ती विकली गेली. गावाने नावं ठेवायचं बंद केलं.

एवढं सगळं झालं, पण एक गोष्ट वैजयंती अधूनमधून काढायचीच. "जन्मभर लोकांचे माग लावलेत. बायकोला एक पातळ विणून द्यायचं नाही सुचलं."

"विणतो की."

"कधी? मी म्हातारी झाल्यावर?"

"तू डिझाइन तर कर."

"मी केलं की लगेच विणाल?"

"लगेच."

तिने केलं ते चाळीस वर्षांनी, आणि हा लगेच विणायला बसला तेव्हा ती नव्हती.

*

मधल्या काळात जग बदललं होतं. जुन्या मशीनला दोन जागा असायच्या. एक हाताशी, चपळ, पण वीज गेली की कोरी होणारी. दुसरी डिस्क, मंद, पण जपून ठेवणारी. फाइल हवी होती ती या दोन जागांच्या येण्याजाण्यासाठी. मग असा एक पदार्थ सापडला की ज्याच्यात लिहिलेलं हाताशीच असतं आणि वीज गेली तरी जात नाही. दोन जागांची एक जागा झाली. त्या पदार्थाची ही भिंतीवरची पाटी. तिच्यात काही उघडावं लागत नाही, जतन करावं लागत नाही, बंद करावं लागत नाही. असतं ते असतंच. फाइल हा शब्द नव्या पोरांना कळत नाही.

माणसांच्या सवयीही तशाच झाल्या होत्या. केतकी पुण्यात पाट्यांचंच काम करायची. ती फोनवर बोलायची, मधेच दुसऱ्याशी बोलायची, अर्ध्या तासाने परत यायची. "बरं, ठेवते" असं कुणी म्हणेनासं झालं होतं. दिगंबर वाट बघत बसायचा.

वैजयंतीचा जुना कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजत होता, म्हणून वर्षश्राद्धाच्या आधी केतकीने तो एका रूपांतर केंद्रात नेला. जुना प्रोग्रॅम वाचून त्याचा अर्थ लावायचा आणि तो पाटीवर नव्याने उभा करायचा, हे ते केंद्र करायचं. कॉम्प्युटर एकदा शेवटचा सुरू झाला, सगळं पाटीत उतरलं आणि त्याची डिस्क बसली ती बसलीच. पण उतरलं होतं. दिगंबर निर्धास्त झाला होता.

*

केतकी शनिवारी आली. पावसाची भुरभुर होती. ती रिक्षातून उतरली आणि छत्री उघडी ठेवूनच बोलत बोलत सोप्यात आली.

"भांडून आलेय त्यांच्याशी. म्हणतात, आदेशाप्रमाणे झालं. कोण देईल असला आदेश? मी तक्रार करणार आहे, आप्पा. सोडणार नाही."

"बस आधी. आणि छत्री मिटव की, सगळीकडं पाणी गळतंय."

केतकी थांबली. छत्री तशीच डोक्यावर.

"काय म्हणालात?"

"छत्री मिटव म्हटलं. घरात कोण उघडी ठेवतं?"

"आप्पा, आई... आई पुस्तकाला काय म्हणायची?"

"काय म्हणायची म्हणजे? पुस्तक मिटव आणि जेवायला ये, म्हणायची. तूच ओरडून घ्यायचीस तिच्याकडून."

केतकी छत्रीसकट खुर्चीवर बसली. छत्रीच्या काड्या खुर्चीच्या पाठीला अडकल्या. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"मीच दिला," ती म्हणाली.

"काय?"

"आदेश. मीच दिला." मग तिने सांगितलं. वेशीवरचे चार शब्द पाटीसाठी नव्याने लिहायचे होते. तीन शब्दांचा अर्थ केंद्राच्या यंत्राला लागला. चौथ्यापाशी ते अडलं. पाटीत काही उघडतच नाही, तर बंद काय करणार? त्याने केतकीला विचारलं, 'मिटव' या शब्दाचं इथे काय करावं? काही करू नये, की मजकूर नाहीसा करावा? शेजारी आईने लिहून ठेवलेलं वाक्य होतं, काम झालं की मिटवावी, मिटवल्याशिवाय उठू नये.

"मला वाटलं, आईची शिस्त. वर्ग सुटला की पाटी पुसून जायची, तसं काही तरी. मी 'नाहीसा करावा' म्हटलं. आणि मग सगळं नीट उतरलं का बघायला मी प्रत्येक डिझाइन उघडून बघितलं, आप्पा. एकेक. हौसेनं."

धोट्याने प्रत्येक डिझाइन वाचलं होतं, आणि वाचून झाल्यावर, वैजयंतीने शिकवलं होतं तसं, मिटवलं होतं.

दिगंबर उठला, तिच्या हातातली छत्री घेतली, मिटवली आणि कोपऱ्यात उभी केली. मग शेडमध्ये गेला. संध्याकाळपर्यंत तिथेच होता. केतकीने चहा नेऊन ठेवला, तो निवला. रात्री जेवताना तो एवढंच बोलला. "घरात फोन होता. विचारायचं होतंस."

"हो," केतकी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सुकुमार मगदूम आला. याच्या वडलांचे माग दिगंबरने बसवले होते. आता याच्या कारखान्यात आवाज नसलेले माग चालतात. तो दिगंबरला मामा म्हणायचा आणि कुठलंही दुःख दहा मिनिटांत मिटवता येतं असं त्याचं मत होतं.

"काय ओ मामा, एवढं तोंड पाडून बसलाय? मामींच्या डिझाइनचं कापड माझ्याकडं गठ्ठ्यानं हाय. ते पाटीला दाखवू. मामींचा हात कसा चालायचा ते तिला कळंल. म्हणावं, आता त्यांच्यासारखं एक पातळ काढ. घंटाभरात काढंल."

"तिच्यासारखं," दिगंबर म्हणाला.

"हुबेहूब! कळणार हाय का कुणाला?"

"तुझ्या आजीनं केलेलं धपाटं तुला आवडायचं. पाटीला सांगून तसंच करून आणतो. खाशील?"

"खाईन की."

"तू खाशील रे," दिगंबर म्हणाला, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसला. सुकुमारही हसला. पण जाताना केतकीला दारात म्हणाला, "काढून तर ठेव. म्हातारं माणूस हाय. ताणा चढवून किती दिवस नुसतं बघत बसंल?"

केतकीने काढायचं ठरवलं. त्यासाठी आईचा धोटा समजून घ्यायला ती पाटीसमोर बसली, आणि ओळीमागून ओळ वाचत गेली. ही भाषा तिने लहानपणी ऐकली होती, वाचली कधीच नव्हती. दुपारी तिने हाक मारली. आवाज वेगळाच होता.

"आप्पा! ओंजळ कधी रिकामी व्हायची?"

दिगंबर ओल्या हाताने आला. "कुठली ओंजळ?"

"वेशीवरची. आईनं ती भरायचं लिहिलंय, ओतायचं लिहिलंय. वाचून झाल्यावर पुसायचं कुठेच नाही लिहिलेलं."

"कशाला लिहील? वीज गेली की जायचंच त्यातलं."

"आता वीज जात नाही, आप्पा. गेली तरी ओंजळ जात नाही." ती बोलता बोलता उभी राहिली होती. "मी नाहीसं केलं ते फाइलीतलं. ओंजळीतलं कुणी नाहीसं केलंच नाही. नवं काही वाचेपर्यंत ते तिथेच असणार. आणि मी सगळ्यात शेवटी उघडलं होतं ते हेच."

तिने धोट्याला काही सांगितलं नाही. 'उघड' म्हटलं असतं तर ओंजळीत दुसरंच काही आलं असतं. तिने बाजूने, हलक्या हाताने, नुसतं आत डोकावून बघितलं. होतं. एक ओंजळभर. ओळ अर्धीच सुरू होत होती, आधीचं काही नव्हतं. आणि शेवटपर्यंत होतं. पातळाचा शेवट.

"पदर," दिगंबर म्हणाला.

*

जुन्या डॉबीला लाकडी पट्ट्यांची साखळी असते. एक पट्टी म्हणजे एक आडवा धागा. पट्टीला भोकं असतात. भोकात खुंटी घातली तर तिच्या वाटणीचे उभे धागे उचलतात, नाही तर खालीच राहतात. दिगंबर शेडमध्ये खुंट्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला आणि केतकीने दारात बसून, पदर आधी विणायचा म्हणून शेवटच्या ओळीपासून, वाचायला सुरुवात केली.

"उचल. उचल. सोड. उचल. सोड. सोड."

"सावकाश. तुझी आई सांगायची नीट, थांबून."

"उचल. सोड."

"हां."

मधेच तिला पुण्याहून कुणी तरी फोनवर बोलावलं. ती त्याला म्हणाली, "मी आता वाचतेय. ठेवते." आणि खरंच ठेवलं. दिगंबरने मान वर केली नाही, पण त्याने ऐकलं होतं.

पाच-सहा पट्ट्या झाल्यावर त्याने हात थांबवला आणि पट्ट्या उन्हात धरल्या. "धोटे काढलेत तिनं," तो म्हणाला. "हे बघ. एक धोटा हिकडं चाललाय, त्याच्यावरचा तिकडनं येतोय. नुसते जाणारे-येणारे धोटे सगळे."

"मला नाही दिसत."

"विणल्यावर दिसंल. वाच."

विणल्यावर दिसलं. माग सुरू झाला तेव्हा शेजारची दोन घरं दारात आली. असा आवाज गल्लीने वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. वांगी रंगावर पिवळे धोटे एकामागून एक वर येत होते. केतकी मागाला हात न लावता शेजारी उभी होती. मोठ्याने, खटखटीच्या वरून, तिने विचारलं, "आप्पा, बाकीच्याचं काय करायचं? सुकुमारदादा म्हणतो तसं काढलंय मी. पदरावरून पाटीनं अंदाज केलाय. चांगलं आहे. बघता?"

त्याने माग थांबवला आणि बघितलं. चांगलं होतं. अंगभर बारीक धोट्यांची बुट्टी होती, काठ नीटस होता.

"तिनं असं केलं असतं?" केतकीने विचारलं.

"केलंही असतं," दिगंबर म्हणाला. "ठाऊक नाही. ठेव तू ते. मी अजून ठरवलेलं नाही."

ती बुधवारी पुण्याला गेली. जाताना बजावून गेली, "पाटीवर धोटा चालवायचा नाही. 'उघड' म्हणायचं नाही. आणि ते दुसरं तर अजिबात नाही. 'मिटव'चं मी अजून दुरुस्त केलेलं नाही, आत्ता हात लावायची भीती वाटते. मी येते रविवारी." दिगंबर म्हणाला, छत्री ने. ती म्हणाली, ऊन आहे. तरी नेली.

पदर विणून झाला आहे. ओंजळीत होतं तेवढं सगळं त्यात आलं, पहिली अर्धी ओळसुद्धा, अर्धीच. पुढचा ताणा मागावर तसाच आहे. पातळाचं अंग विणायचं राहिलं आहे, आणि वैजयंतीची फाइल मिटवायची राहिली आहे.